लिनक्ससाठी जुना लॅपटॉप: आधी जे बदलता येत नाही ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात पैसे कमी आहेत, विंडोज सोडून कायमचं लिनक्सवर यायचंय, जमलं तर पुढे एखाद्या बीएसडीलाही (लिनक्ससारखीच मुक्त, पण वेगळ्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) हात लावायचाय. काम म्हणजे प्रोग्रामिंग शिकणं, ब्राउझर आणि थोडी कागदपत्रं. समोर दोन जुने लॅपटॉप आहेत. पहिला घरगुती वापराच्या मालिकेतला, पंधरा इंची, आय७-७५००यू प्रोसेसर, सोबत एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, दिसायला नवाकोरा. दुसरा लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, आय५-८२५०यू, कोपरे घासलेले, बॅटरी तासभरही टिकत नाही. किंमत जवळपास सारखी. यातला कुठला घ्यावा, की तिसराच एखादा शोधावा?

दुसरा घ्या. पण एवढंच सांगून थांबलो तर फारसा उपयोग नाही. तुम्ही ठरवेपर्यंत तो विकला गेलेला असू शकतो, आणि मग जो काही पुढ्यात येईल त्याचा निवाडा तुम्हालाच करायचाय. म्हणून उत्तर लांबवतो.

माझं काम जुने लॅपटॉप निवडायचं, उघडून साफ करायचं आणि लिनक्स घालून लोकांच्या हाती द्यायचं. विचारणारे बहुतेक जण एकच विचारतात, ‘यावर लिनक्स चालेल का?’ चालेल हो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या इंटेल किंवा एएमडीच्या जवळपास कुठल्याही लॅपटॉपवर लिनक्स सुरू होतं. विचारायला हवं ते वेगळंच असतं: झाकण मिटून उघडल्यावर तो नीट जागा होतो का, वायफाय मध्येच सुटतं का, प्रोजेक्टर जोडला की चित्र येतं का, आणि दोन वर्षांनी रॅम अपुरी पडली तर वाढवता येते का. शिवाय जुन्या बाजारात आपण मॉडेल घेत नसतो, एक विशिष्ट नग घेत असतो. उत्तम मॉडेलचा वाईट नग पदरात पडू शकतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. रोज पाठीवर वाहून न्यायचा असेल तर बारा-तेरा इंची बघा, टेबलावरच राहणार असेल तर चौदा-पंधरा इंची. व्हिडिओ एडिटिंग, जड गेम किंवा एनव्हिडियाचं कुडा (तिच्या चिपवर जड आकडेमोड करायची व्यवस्था) लागणारी कामं करायची असतील तर खाली मी जे म्हणतोय त्यातलं ग्राफिक्सबद्दलचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. आणि तुमच्या भागात कुठल्या कंपनीचे सुटे भाग सहज मिळतात हे तुम्हालाच ठाऊक. माझ्या आवडीचं मॉडेल तिथे दुर्मीळ असेल तर आवड बाजूला ठेवा.

आता मुख्य मुद्दा. जुना लॅपटॉप समोर आला की मी मनात त्याचे दोन भाग करतो: जे नंतर बदलता येतं आणि जे बदलता येत नाही. एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड, पंखा, सुकलेली थर्मल पेस्ट, बऱ्याचदा वायफाय कार्ड, आणि स्लॉट असेल तर रॅम, हे बदलता येतं. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, बोर्डावर सोल्डर केलेली रॅम, बायोसचा (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड आणि मदरबोर्डवरचे पोर्ट यांच्यापुढे हात टेकावे लागतात. बदलता येणाऱ्या भागात खोट असेल तर मी खूश होतो, कारण तेवढी किंमत उतरते. न बदलणाऱ्या भागात खोट असेल तर लॅपटॉप कितीही चकचकीत असला तरी मी उठतो. तुमच्या टी४८०ची मेलेली बॅटरी पहिल्या प्रकारात येते. पहिल्या लॅपटॉपची एनव्हिडिया चिप आणि दोन कोअर दुसऱ्या प्रकारात.

दोन कोअर म्हटलं, ते नीट पाहा. इंटेलच्या नावातला आय५ किंवा आय७ जुन्या बाजारात सगळ्यात जास्त फसवतो. विकणारा ‘आय७ आहे साहेब’ एवढंच सांगतो. वाचायचा असतो तो त्यापुढचा आकडा. ७५००यू म्हणजे सातवी पिढी, कोअर दोन. ८२५०यू म्हणजे आठवी पिढी, कोअर चार. पातळ लॅपटॉपमधल्या कमी विजेच्या यू मालिकेत २०१७पर्यंत दोनच कोअर मिळायचे, मग पाटीवर आय७ असो की आय५. आठव्या पिढीत इंटेलने ते चार केले. त्यामुळे आठव्या पिढीचा साधा आय५ तुमच्या त्या आय७ला कोड कंपाइल करताना आरामात मागे टाकतो. एच किंवा एचक्यू हे अक्षर असेल तर गोष्ट वेगळी. ते जास्त वीज खाणारे, सहसा चार किंवा अधिक कोअरचे, आणि तेवढेच तापणारे.

याच रेषेवर दुसरीही एक फाळणी झाली आहे. विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कार्यालयांमधून सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यामुळे बाहेर पडतात, आणि विंडोजवाल्यांना ते नको असतात. लिनक्सला त्या रेषेशी काही देणंघेणं नाही. अगदीच पैसे कमी असतील तर सहाव्या पिढीचा, पूर्ण एचडी पडद्याचा, चांगल्या स्थितीतला कार्यालयीन लॅपटॉप ही आज सगळ्यात किफायतशीर खरेदी आहे असं माझं मत आहे.

खाली किती जायचं? रोजच्या कामासाठी चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१३च्या हॅसवेलच्या, खाली जाऊ नका. डेबियन हे लिनक्सचं वितरण त्याआधीच्या ६४-बिट यंत्रांवर अजून चालतं, पण वारे कुठे वाहताहेत ते दिसतंय: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०ला प्रोसेसरमध्ये जे सूचनासंच लागतात ते इंटेलमध्ये हॅसवेलपासून आले, आणि डेबियन १३ला ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच उरलेला नाही. २०११चा थिंकपॅड एक्स२२० त्याच्या कीबोर्डसाठी हौसेने घेणारे आहेत. हौसेला मोल नसतं, पण तुमचा तो प्रश्न नाही. सेलेरॉन, पेंटियम आणि अॅटम यांच्यापासून लांबच राहा, पिढी कितीही नवी असली तरी. त्यातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण बोर्डालाच चिकटवलेली असते. ती भरली किंवा मेली की खेळ संपला.

एएमडी विसरू नका. रायझन आलेल्या सुरुवातीच्या काळात लिनक्सवर झोपेच्या आणि ग्राफिक्सच्या कुरबुरी होत्या, पण आजच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) थिंकपॅड टी४९५ किंवा एलिटबुक ७४५च्या जी५-जी६सारखे लॅपटॉप व्यवस्थित चालतात, आणि त्यांची अंगभूत ग्राफिक्स त्याच काळातल्या इंटेलपेक्षा सरस आहे. लोक नावाने इंटेल मागतात, म्हणून कधीकधी ते पडून राहतात.

रॅमबद्दल जरा रेंगाळतो, कारण इथे एका अक्षराने घोळ होतो. टी४८०मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एसमध्ये काही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा. पुढच्या वर्षीच्या टी४९०मध्येही तसंच. एक्स२८० आणि एक्स१ कार्बनमध्ये सगळी रॅम सोल्डर केलेली, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर तो जन्मभर ८ जीबीचाच. जाहिरातीत या सगळ्यांचं वर्णन ‘थिंकपॅड, आय५, ८ जीबी’ असं एकाच साच्यात येतं. डेलच्या लॅटिट्यूड ७४९० आणि ५४९०मध्ये, तसंच एचपीच्या एलिटबुक ८४० जी५मध्ये दोन स्लॉट मिळतात. खरेदीआधी मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून रॅमचं पान बघा. कार्यालयीन मालिकांची ही मॅन्युअल तिन्ही कंपन्या सगळ्यांसाठी खुली ठेवतात, कुठला स्क्रू आधी काढायचा इथपर्यंत चित्रांसकट. मी या मालिकांकडे वळतो त्याचं निम्मं कारण हे मॅन्युअलच आहे.

किती रॅम हवी? लिनक्स स्वतः फार खात नाही, ब्राउझर खातो. एक्सएफसीई किंवा तत्सम हलका डेस्कटॉप घेऊन ४ जीबीवर दिवस काढता येतात, पण पंधरा टॅब आणि एक एडिटर उघडला की डिस्क घरघरायला लागते. ८ जीबीपासून सुरुवात करा आणि १६पर्यंत जायची वाट मोकळी ठेवा. स्लॉट असेल तर आज ८ जीबीचा घेऊन पुढे वाढवता येतं, म्हणूनच स्लॉटला मी रॅमच्या आकड्यापेक्षा जास्त भाव देतो.

ग्राफिक्स. इंटेल आणि एएमडीचे चालक (ड्रायव्हर) कर्नलमध्येच असतात, तुम्हाला काहीही करावं लागत नाही. तुमच्या पहिल्या पर्यायातली एनव्हिडिया चिप त्या काळची, म्हणजे बहुधा मॅक्सवेल किंवा पास्कल पिढीची. त्यांच्यासाठी एनव्हिडियाने ५८० ही शेवटची चालक-शाखा ठरवली आहे. पुढच्या शाखांत त्यांना जागा नाही. नूव्हो हा मुक्त चालक त्या चिपवर चालतो, पण त्यातल्या बऱ्याच चिपवर सही केलेल्या फर्मवेअरच्या (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) अडचणीमुळे तो चिपचा वेग वाढवू शकत नाही, म्हणजे पूर्ण ताकद मिळतच नाही. दोन चिपच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक ताप असतो: काहींत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो, त्यामुळे ती बंद करून बॅटरी वाचवावी म्हटलं तर बाहेरचा मॉनिटर जातो. गेम खेळायचे नसतील तर ही चिप म्हणजे नुसती उष्णता आहे.

वायफायला इंटेलचं कार्ड असलं की मी पुढे बघतो. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपना बंदिस्त चालक लागतो आणि कर्नल बदलला की तो रुसतो. रिअलटेकच्या काही चिप चांगल्या, काहींचा चालक कर्नलच्या बाहेरून आणावा लागतो. कार्ड एम.२ स्लॉटमध्ये असेल तर बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण दोन खड्डे आहेत. पहिला: जुन्या काही थिंकपॅडच्या आणि एचपीच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड घातलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. थिंकपॅडमध्ये टी४३०, एक्स२३०च्या काळात हे होतं. टी४७०-टी४८०ला ही भीती नाही. दुसरा: इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डं हातात घेतली तर जवळपास सारखीच दिसतात. एएक्स२०० कुठल्याही साध्या स्लॉटमध्ये चालतं. एएक्स२०१चं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं, त्यामुळे टी४८०मध्ये किंवा एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते ओळखलंच जात नाही. नाव नीट वाचून कार्ड मागवा.

बोटाच्या ठशाचा सेन्सर चालेल असं गृहीत धरू नका. कित्येक मॉडेलवर तो लिनक्समध्ये शोभेपुरता असतो. कॅमेरा जुन्या लॅपटॉपमध्ये यूएसबीवर असतो आणि लगेच चालतो. अकराव्या-बाराव्या पिढीपासूनच्या काही पातळ मॉडेलांत तो थेट प्रोसेसरच्या प्रतिमा-युनिटला जोडलेला आहे, आणि तिथे मात्र फार डोकं खाजवावं लागतं. नवा म्हणजे लिनक्सला सोयीचा असं समीकरण नाही, ते असं.

झोपेचंही तसंच. जुन्या लॅपटॉपमध्ये एस३ नावाची खरी झोप असते: रॅमला तेवढी वीज, बाकी सगळं बंद. अकराव्या पिढीच्या आसपासपासून बऱ्याच लॅपटॉपमधून ती काढून टाकली गेली आणि तिच्या जागी अर्धवट जागं राहणारी नवी झोप आली, जी नीट जुळली नाही तर पिशवीतच लॅपटॉप गरम करते. लाइव्ह लिनक्समध्ये (पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्समध्ये) /sys/power/mem_sleep ही फाइल वाचा. त्यात ‘डीप’ (deep) हा शब्द दिसला तर एस३ आहे. चौकटी कंसात डीप असेल तर तीच झोप निवडलेली आहे. टी४८०वर ती दिसते.

मॉडेलांची नावं हवीच असतील तर: थिंकपॅडची टी मालिका (टी४७०, टी४८०, एएमडीत टी४९५), डेल लॅटिट्यूडच्या ५००० आणि ७००० मालिका, एचपी एलिटबुक ८४०. पडदा १९२० × १०८०चा आहे ना ते दर वेळी विचारा, कारण याच मॉडेलांचे १३६६ × ७६८वाले नगही बाजारात भरपूर आहेत. टी४४०च्या टचपॅडला वरची वेगळी बटणं नाहीत, टी४५०पासून ती परत आली. मधलं बटण वापरणाऱ्यांना हा फरक जाणवतो. जुने मॅकबुक मी सुचवत नाही: बहुतेकांत ब्रॉडकॉमचं वायफाय, रेटिना मॉडेलांत रॅम सोल्डर केलेली, आणि टी२ चिप असलेल्यांना वेगळा जुळवलेला कर्नल लागतो. सरफेसचंही तेच, वेगळा कर्नल आणि उघडायला महाकठीण. क्रोमबुकवर मूळ फर्मवेअर बदलण्याची खटपट आहे. ज्याला खटपटच आवडते त्याने जरूर करावी.

आता प्रत्यक्ष नग समोर असताना काय करायचं. घरून दोन गोष्टी न्या: लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि इअरफोन. लॅपटॉप थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच चालू करून ठेवलेला असेल तर बंद करून पुन्हा लावा.

सगळ्यात आधी बायोस. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. आत शिरताना पासवर्ड मागितला तर तिथेच नमस्कार करा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरची छोटी बॅटरी काढून जात नाही. विसरला तर लेनोव्होचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला हेच आहे. ‘आमचा माणूस काढून देईल’ या आश्वासनावर पैसे देऊ नका, आधी काढून दाखवू द्या. मग सुरक्षा विभागात कॉम्प्युट्रेस किंवा अॅब्सोल्यूट नावाची नोंद शोधा. ही चोरीविरोधी व्यवस्था. कायमची बंद असं दिसलं तर उत्तम. सक्रिय दिसली तर लॅपटॉप अजून कुठल्यातरी संस्थेच्या नावावर असू शकतो, आणि तो विक्रेत्याच्या हाती कसा आला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डेलमध्ये इथेच डिस्कची पद्धत ‘रेड’वर असेल तर ‘एएचसीआय’ करा. नाहीतर लिनक्सचा इन्स्टॉलर डिस्क दिसत नाही म्हणतो आणि लोक चांगल्या एसएसडीला मेलेली समजतात. विंडोज ठेवायचं नसेल तर हा बदल बिनधास्त करा.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावा, आवाज स्पीकरमधून आणि इअरफोनमधून ऐका, कॅमेरा उघडा, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा दाबा. टेक्स्ट एडिटर उघडून कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. झाकण मिटा, पाच मिनिटं विक्रेत्याशी गप्पा मारा, उघडा. जागा झाला, वायफाय परत आलं, तर अर्धी लढाई जिंकली. बिजागऱ्या या उघडझापीतच कळतात: कडकड आवाज आला किंवा कोपऱ्याचं प्लास्टिक फाकलं तर पुढे तिथेच मोडणार आहे.

बॅटरीसाठी टर्मिनलमध्ये अपॉवर (upower) या आज्ञेने माहिती काढा. दोन आकडे बघायचे: पूर्ण भरल्यावर आत्ता किती वॅट-तास मावतात, आणि मूळ रचनेत किती मावायचे. मूळ ५० आणि आता ३१ असेल तर ६२ टक्के जीव उरला आहे. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात, आत साधारण २४ वॅट-तासांची आणि मागे काढता येणारी २४, ४८ किंवा ७२ची, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासा. कित्येकदा आतली ठीक असते आणि फक्त मागची संपलेली असते. ती बदलायला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. तुमच्या नगाचं तसंच असेल तर तो ‘तासभरही टिकत नाही’ हा दोष फार स्वस्तात मिटेल. मात्र टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर आतली बॅटरी फुगली आहे. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका.

एसएसडी किंवा हार्ड डिस्कचा हाल स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने दिसतो. तो वाईट निघाला तरी मी लॅपटॉप नाकारत नाही, फक्त किंमत पाडतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलायचीच आहे असं धरून चला. जुन्या लॅपटॉपला एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

टी४८०ची एक खास तपासणी आहे, आणि ती चुकवू नका. त्याला वेगळा गोल किंवा चौकोनी चार्जिंग पिन नाही; चार्जिंग फक्त यूएसबी-सीमधून होतं. शेजारीशेजारी दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, त्यातला एक थंडरबोल्ट, म्हणजे डॉक-मॉनिटरसाठीचा जास्त वेगवान. त्या काळातल्या अनेक थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये दोष होता, त्याने पोर्ट हळूहळू निकामी व्हायचा. लेनोव्होने त्यावर तातडीचं अपडेट काढलं. ज्यांनी ते वेळेत घातलं नाही त्यांच्यातल्या काहींचे पोर्ट गेले. म्हणून चार्जर दोन्ही पोर्टमध्ये आळीपाळीने लावून चार्जिंग सुरू होतं का ते बघा, वायर जराशी हलवून पिन सैल आहे का तेही बघा, आणि थंडरबोल्टच्या पोर्टला जमल्यास मॉनिटर किंवा डॉक लावून बघा. दोन्ही पोर्ट गेले तर लॅपटॉपला वीज देण्याचा मार्गच उरत नाही. घासलेले कोपरे चालतील, सैल यूएसबी-सी चालणार नाही.

प्रत्यक्ष बघता येत नसेल, पाठवूनच घ्यायचा असेल, तर विक्रेत्याकडे बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो मागा. त्यात नेमकं मॉडेल, प्रोसेसर, रॅम आणि बायोसची आवृत्ती दिसते, शिवाय पासवर्ड नाही हेही बऱ्यापैकी कळतं. पूर्ण पांढऱ्या पडद्याचा फोटो आणि परत घेण्याची मुदत, या दोन गोष्टींशिवाय पैसे पाठवू नका. नाहीतर पदरी पडलं पवित्र झालं म्हणत बसायची वेळ येते.

बीएसडीचं विचारलंय म्हणून. ओपनबीएसडीवर थिंकपॅड फार छान चालतात, त्याचे बरेच विकसकच ते वापरतात. पण त्यात ब्लूटूथ नाही. २०१४मध्ये ते काढून टाकलं गेलं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्सला तिथे वेग नाही, त्यामुळे तुमच्या पहिल्या पर्यायातली ती चिप तिथे ओझंच ठरते. इंटेलच्या वायफायला फर्मवेअर उतरवावं लागतं आणि त्यासाठी आधी इंटरनेट हवं, तेव्हा टी४८०ची नेहमीची इथरनेट जागा कामी येते. फ्रीबीएसडीत इंटेल वायफायचा वेग बराच काळ जुन्या काळातला होता, १४.३ या आवृत्तीत, जून २०२५मध्ये, तो बऱ्याच कार्डांसाठी सुधारला. बीएसडी हा मुख्य हेतू असेल तर वर्षभर जुनं मॉडेल घेण्यापेक्षा पाच-सात वर्षं जुनंच बरं. चालकांना तिथवर पोचायला वेळ लागतो.

आणखी पुढे जाऊन फर्मवेअरही मुक्त हवं असं वाटणारे असतात. त्यांच्यासाठी पूर्वी एक्स२००, टी४००सारख्या फार जुन्या यंत्रांपलीकडे फारसं काही नव्हतं. लिब्रेबूट या मुक्त बायोस-पर्यायाने डिसेंबर २०२४मध्ये टी४८० आणि टी४८०एसलाही आधार दिला. पहिल्यांदा ते घालायला लॅपटॉप उघडून चिपला बाहेरून प्रोग्रामर जोडावा लागतो, म्हणजे पहिल्याच महिन्यात करायचं हे काम नाही, पण वाट उघडी आहे.

वितरण कुठलं घालायचं यावर भांडायची माझी इच्छा नाही. डेबियन, मिंट, फेडोरा, तिन्ही या यंत्रांवर सुरळीत बसतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये वायफायचं फर्मवेअर नसायचं ही जुनी तक्रार १२व्या आवृत्तीपासून, २०२३मध्ये, मिटली.

टी४८० घेतलात तर पहिल्या संध्याकाळी दोन कामं करा. एक, एफडब्ल्यूअपडी (fwupd, लिनक्समधून फर्मवेअर अपडेट करणारा प्रोग्राम) चालवून फर्मवेअर ताजं करा. लेनोव्हो आणि डेल दोघेही अपडेट तिथून पुरवतात, त्यासाठी विंडोज लागत नाही. मात्र थंडरबोल्टचं अपडेट लागलं आहे का हे लेनोव्होच्या पानावरची आवृत्ती आणि आपली आवृत्ती शेजारी ठेवून स्वतः तपासा. दोन, चार्जिंगची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. ग्नोम ४८ आणि केडीईचा प्लाझ्मा या डेस्कटॉपांत ती सेटिंगमध्येच मिळते, नाहीतर टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम आहे. रॅम वाढवायला तळ उघडाल तेव्हा आधी मागची बॅटरी काढा आणि बायोसच्या पॉवर विभागात जाऊन आतली बॅटरी तात्पुरती बंद करा. चार्जर लावला की ती आपोआप परत सुरू होते. मागची नवी बॅटरी शक्यतो मूळ कंपनीची किंवा नावाजलेल्या उत्पादकाची घ्या, आणि लावल्या दिवशीच अपॉवरमधला मूळ क्षमतेचा आकडा वेष्टनावरच्या आकड्याशी ताडून पाहा, म्हणजे परत करायची तर मुदतीत करता येईल.